दृष्टीआड सृष्टी

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहत तुळापूर येथे भीमेस मिळते. वाटेत तिच्या एका तीरास पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या बाजूस चाकण, असे दोन उद्योगसंपन्न प्रदेश आहेत. २०२४ साली आळंदीच्या घाटाशी या नदीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसले. शुद्ध न करता सोडलेले घरांतील व कारखान्यांतील सांडपाणी हे त्याचे मूळ होय. फेस पाहून लोक हळहळतात; परंतु जे दिसत नाही, तिकडे कोणाचे लक्ष आहे?

कपडे धुण्याच्या बहुतेक चुर्णांत अल्किल बेंझिन सल्फोनेट नावाचे द्रव्य असते. पूर्वी त्याच्या रेणूची साखळी फांद्या फुटलेली असे. ती सूक्ष्म जीवांना पचत नसे. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील नद्या फेसाळल्या. म्हणून १९६५ च्या सुमारास तेथे सरळ साखळीचे द्रव्य वापरात आले. ते सूक्ष्म जीव खातात. पण त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाण्यात हवा सोडतात, तेथे या द्रव्याचा बहुतांश नाश होतो. मात्र त्याचा काही भाग गाळास चिकटून तळाशी जातो. हा गाळ पुष्कळदा बंद टाकीत कुजवितात. गोबर गॅसच्या टाकीप्रमाणेच तेथे हवेवाचून जगणारे जीव काम करतात. साध्या साबणाचा ते वायू करून टाकतात. या द्रव्याची साखळी मात्र प्राणवायूवाचून सहसा तुटत नाही. टाकीत गेलेले द्रव्य गाळाबरोबर जवळजवळ तसेच बाहेर येते.

कोणी म्हणेल, 'असा गाळ शेतात पसरला, की हवेशीर मातीत ते द्रव्य काही आठवड्यांत नाहीसे होते. मग चिंता कशाची?' हे खरे आहे. पण जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्याचे काय? ते नाल्यातून थेट नदीत जाते, आणि नदीच्या तळाच्या चिखलातही हवा नसते. तेथे हे द्रव्य साचून राहते.

म्हणून प्रत्येक घराचे व कारखान्याचे पाणी शुद्ध होऊनच नदीत गेले पाहिजे. कुजविलेला गाळ शेतात नेण्यापूर्वी त्यास पुरेशी हवा दिली पाहिजे. हवेवाचूनही कुजतील अशी, वनस्पतितेलांपासून होणारी द्रव्ये उत्पादकांनी निवडावीत. गृहिणींनी व गृहस्थांनीही चूर्ण मोजून वापरावे. फार फेस म्हणजे फार स्वच्छता नव्हे.

आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात लोटणाऱ्यास कोणी स्वच्छ म्हणत नाही. मोरीतून पाणी वाहून गेले, तरी आपली जबाबदारी त्याबरोबर वाहून जात नाही.