योगासने घरीच शिकायची, पण कशावरून?



आपल्या भगिनींपैकी कुणी चार घरची धुणीभांडी करून येते, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असते. बंधूंपैकी कुणी पाठीवर गोणी वाहतो, कुणी रात्रपाळीत उभा असतो. संध्याकाळी घरोघरी एकच गाऱ्हाणे ऐकू येते. कंबर धरली, मान अवघडली, गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणतात, "थोडी योगासने करत जा," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. कशी करायची, किती करायची, हे कोण सांगणार? वर्गाची फी परवडत नाही, परवडली तर वेळ जुळत नाही. मग कुणी फूटपाथवरून पुस्तक आणतो, कुणी मोबाईलवर व्हिडिओ लावतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सतरंजी अंथरून शिक्षण सुरू होते.

घरी शिकण्यात गैर काहीच नाही. मात्र साधन निवडताना डोळस राहिले पाहिजे. चुकीचे साधन घेतले तर पैसे जातातच, वर कंबरही जाते. ज्या घराची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्या घरातल्या माणसाला आठ दिवस अंथरुणाला खिळून राहणे कसे परवडेल? म्हणून या वेळी आम्ही एकच आसन घेणार आहोत आणि ते निरनिराळ्या साधनांवरून कसे शिकता येते ते पाहणार आहोत.

ते आसन म्हणजे भुजंगासन. पालथे झोपायचे, कपाळ जमिनीला, तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना. श्वास घेत आधी डोके, मग मान, मग छाती उचलायची. बेंबीपर्यंतचा भाग जमिनीलाच राहतो. वर उचलण्याचे काम पाठीच्या स्नायूंनी करायचे, हातांनी फक्त आधार द्यायचा. उतरताना छाती, मान, कपाळ असे उलट क्रमाने सावकाश खाली यायचे.

आता पुस्तक उघडा. फोटोत माणूस वर उचललेला दिसतो. तिथपर्यंत तो कसा गेला आणि परत कसा आला, हे फोटो सांगत नाही, ते शेजारच्या मजकुरात असते. घाईत आपण मजकूर सोडतो, फोटो पाहतो आणि हातांवर जोर देऊन कोपरे ताठ करतो. दुसऱ्या दिवशी कंबरेत कळ येते. दोष आसनाचा नसतो, अर्धवट वाचनाचा असतो. पुस्तकाचा मोठा गुण असा की ते एकदा घेतले की घरातली चार माणसे वर्षानुवर्षे वापरतात, त्याला रिचार्ज लागत नाही, आणि जाणत्या माणसाचे पुस्तक असेल तर हे आसन कुणी करू नये तेही त्यात छापलेले असते. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे 'लाइट ऑन योगा' हे पुस्तक १९६६ साली आले. मराठीत ते 'योगदीपिका' म्हणून ओळखले जाते. त्यात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत, आणि प्रत्येक आसनापुढे ते किती अवघड आहे याचा आकडा दिला आहे. १ म्हणजे सर्वांत सोपे, ६० म्हणजे सर्वांत कठीण. शेवटी ३०० आठवड्यांचा क्रम आखून दिला आहे. तीनशे आठवडे म्हणजे जवळजवळ सहा वर्षे! पंधरा दिवसांत शरीर बदलून देतो म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. असे पुस्तक विकत घेण्याआधी सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी.

भिंतीवरचा तक्ता स्वस्त असतो आणि सतत डोळ्यांसमोर राहतो. त्यावरून नवीन आसन शिकू नये, शिकलेले आठवावे. बहुतेक तक्त्यांवर तीस-चाळीस चित्रे गर्दीने छापलेली असतात, आणि शीर्षासन व ताडासन शेजारी शेजारी दिसतात. पोरांना वाटते, दोन्ही सारखीच सोपी.

कॅसेटचा जमाना गेला, पण ऐकून आसने करण्याची पद्धत गेलेली नाही. आता तेच आवाज मोबाईलवर मिळतात. "सावकाश श्वास घ्या, थांबा, सोडा" असे कुणी सांगत असले की घाई आपोआप कमी होते. शवासनाला तर याहून चांगले साधन नाही, कारण डोळे मिटलेले असतात. पण ज्याने भुजंगासन कधी पाहिलेच नाही, त्याला नुसत्या आवाजावरून ते जमणार नाही.

टीव्हीवरचा कार्यक्रम आपल्यासाठी थांबत नाही. मधेच नळाला पाणी आले की आपण उठतो आणि परत येईपर्यंत गुरुजी तिसऱ्या आसनावर गेलेले असतात.

मोबाईलवरचा व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि जाणे-येणे दोन्ही दाखवतो. म्हणून आज तो सर्वांत उपयोगी आहे आणि फसवाही. पालथे पडून मान वाकडी करून पडद्याकडे पाहत राहिलो तर मानेचेच दुखणे व्हायचे. आधी बसून सगळा व्हिडिओ पाहावा, मग बंद करून आसन करावे, मग शंका असेल तेवढाच भाग पुन्हा पाहावा. समोर तोंड करून शिकवणाऱ्याचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि पडद्यावरचा मुलगा वीस वर्षांचा आहे व आपण पन्नाशीचे आहोत, ही गोष्ट तर कधीच विसरू नये.

फुकट आणि बऱ्यापैकी सुरक्षित क्रम हवा असेल तर केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाची पुस्तिका आणि व्हिडिओ आहेत. २१ जून २०१५ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, त्या निमित्ताने हा क्रम तयार झाला. त्यात आधी मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करून घेतात, मग उभ्याने, बसून, पालथे, उताणे अशी आसने येतात. आरंभी प्रार्थना आहे. काही घरांत हा प्रश्न आम्हाला विचारला जातो, की योगासने म्हटली की मंत्र म्हणावेच लागतात का? मुळीच नाही. स्नायू ताणला जातो तो हालचालीने. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया क्ष-किरण आणि मोजमापाच्या उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. शरीराची गोष्ट शरीरावर तपासून घ्यावी, ही दृष्टी आपण घ्यावी. जो भाग आपल्या मनाला पटत नाही तो वगळावा, व्यायामाचे त्यात काही अडत नाही.

आता शिकवणारा माणूस. वरच्या सगळ्या साधनांत एक उणीव आहे. आपण त्यांना पाहतो, ती आपल्याला पाहत नाहीत. भुजंगासनात खांदे कानांपर्यंत चढले, श्वास कोंडला, हे पुस्तक कसे सांगणार? म्हणून सुरुवातीला चार-सहा वेळा तरी जाणत्या माणसासमोर आसने करून घ्यावीत. एकट्याला फी जड जाते. मग वस्तीतल्या दहा बायका एकत्र या, विहाराचा किंवा समाजमंदिराचा हॉल सकाळी तासभर मागून घ्या, आणि शिकवणाऱ्या बाईंना तिथेच बोलवा. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात योगाचे वर्ग भरतात का, याचीही चौकशी करा. मोबाईलवरच्या थेट वर्गाला पैसे भरणार असाल तर आधी एकच प्रश्न विचारा, शिकवणारा मला पाहणार आहे का? दोनशे माणसांच्या वर्गात तो कुणालाच पाहत नाही, आणि मग तो फुकटच्या व्हिडिओहून वेगळा राहत नाही.

शिकवणारा मिळालाच नाही तर घरातलाच डोळा वापरा. आईने आसन करावे, शाळकरी मुलीने पुस्तक हातात धरून ओळ ओळ वाचावी आणि पाहावे. "आई, तुझे कोपर ताठ झाले," असे तिने म्हटले की अर्धे काम झाले. नंतर मुलीने करावे, आईने पाहावे.

साधन कोणतेही असो, त्यात चार गोष्टी आहेत का ते बघा. आसनात जायचे कसे व परतायचे कसे, किती वेळ थांबायचे, न जमल्यास सोपा प्रकार कोणता, आणि कुणी करू नये. चौथी गोष्ट जिथे नाही, तिथे थांबा. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनासारखी उलटी आसने करू नयेत. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी कपालभाती टाळावी. मणक्याची गादी सरकलेल्यांनी पुढे वाकण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर असल्यास किंवा पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असल्यास भुजंगासनही करू नये. आणि "मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, हे आसन करा" असे जो सांगेल त्याचा व्हिडिओ तिथेच बंद करा. गोळी कमी करायची की नाही हे तपासणीचा कागद पाहून डॉक्टरच ठरवतात.

आमचा सल्ला सरळ आहे. माणसाकडून शिका, पुस्तकावरून पक्के करा, मोबाईलवरून शंका फेडा. ताडासन, कटिचक्रासन, मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन, एवढी सहा आसने वीस मिनिटांत होतात. वहीच्या एका पानावर आपल्या हाताने त्यांची चित्रे काढा, प्रत्येकाखाली किती श्वास थांबायचे ते लिहा आणि पान कपाटाच्या दारावर चिकटवा. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली की त्या क्षणी सोडून द्या. ती कळ पुस्तकात छापलेली नसते आणि व्हिडिओतही दिसत नाही, ती फक्त तुम्हालाच कळते.