आजोबांचा आजार नातवाला?

मुलांनो, नाकडोळे आणि उंची आईवडिलांकडून मिळते, असं वर्गात सांगितलं की एखादं पोर मधल्या सुट्टीत हळूच येऊन विचारतं, “बाई, आमच्या आजोबांना पोटाचा कॅन्सर होता. मग मलाही होणार का?”

आज या प्रश्नाचं उत्तर पाहू या. त्यासाठी आधी एका जंतूची ओळख हवी. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपल्या जठरात जळजळीत आम्ल असतं. पण हा पठ्ठ्या स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, आम्लाची धार बोथट करतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो! बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्याच माणसांकडून लागतो.

जठराच्या दुखण्यामागे जंतू असेल, हे पूर्वी डॉक्टरांना पटत नसे. म्हणून १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. बॅरी मार्शल यांनी हे जंतू चक्क पिऊन टाकले! थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. (तुम्ही असलं काही करू नका हं!) २००५ साली त्यांना व डॉ. रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हा जंतू वर्षानुवर्षं राहिला, तर सुजलेल्या अस्तरातल्या पेशींची मोडतोड होते आणि काहींना पुढे कॅन्सर होतो. काहींनाच का बरं?

भिंतीला भेग पडली की गवंडी ती बुजवतो. आपल्या पेशींतही अशी दुरुस्ती करणारी जनुकं असतात. काहींच्यात जन्मतःच त्यांतलं एखादं सदोष असतं. म्हणजे जंतू भेगा पाडतोय आणि गवंडी कामावर नाही! जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली हेच आकड्यांत मांडलं. जंतू असलेल्या, पण जनुकं ठीक असलेल्या १०० जणांपैकी सुमारे १४ जणांना वयाच्या ८५ वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याचा धोका होता. जंतू आणि सदोष जनुक दोन्ही असतील, तर सुमारे ४५ जणांना! जंतूच नव्हता, त्यांच्यात मात्र धोका कमी होता.

कळलं ना? जनुक बदलता येत नाही, पण जंतू घालवता येतो. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत तो सापडतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांनी बहुधा जातो. धोका अगदी पुसला जात नाही, पण कमी होतो.

पालकहो, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा. मनानं औषधं मात्र घेऊ नका.

आणि मुलांनो, आजोबांकडून आलं ते सगळं कपाळावर लिहिलेलं नसतं. घाबरू नका. जेवणाआधी हात धुवा, पाणी स्वच्छच प्या!