दुकान आहे, शेजार नाही

माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो. मूळचा अकोल्याचा, जठारपेठेत वाढलेला. मागच्या दिवाळीत तो आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटच्या डब्याखाली दुमडलेले एक चारपानी पत्रक निघाले. त्याच्या घराजवळच्या वाइनच्या दुकानाचे ते मासिक पत्रक होते. पहिल्या पानावर दर शुक्रवारी संध्याकाळी होणाऱ्या चव-परीक्षणाची वेळ. आत, पुढच्या महिन्यात दुकानाच्या मागच्या अंगणात होणाऱ्या जेवणाचा बेत: कुठला पदार्थ, त्याच्यासोबत कुठली वाइन, ती कुठल्या मळ्यातली, मळेवाला स्वतः येणार की नाही. शेवटच्या पानावर गल्लीची खबरबात होती. शाळेच्या वाचनालयासाठी जमलेली वर्गणी, एका जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आणि एक हरवलेले मांजर.

माझ्या बहिणीने चष्मा लावून ते पत्रक वाचले आणि लेकाला विचारले, "काय रे, दारूच्या दुकानात मांजराचा पत्ता इचारतेत काय?"

आम्ही सगळे हसलो. पण तो प्रश्न नंतर माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्या अमरावती-अकोल्यात वाइन शॉप कमी नाहीत. चौकात आहेत, बसस्थानकाच्या वाटेवर आहेत, बायपासला आहेत. त्यांपैकी एखाद्या तरी दुकानाने कधी शेजारच्या शाळेची, गल्लीतल्या म्हाताऱ्याची चौकशी केल्याचे कुणी ऐकले आहे का? आणि गल्लीने तरी त्या दुकानाची केली आहे का?

आपल्याकडचे दुकान कसे असते ते वाचकांना ठाऊक आहे. समोर लोखंडी जाळी, जाळीला हात जाईल एवढी खिडकी, आत पिवळा दिवा. गिऱ्हाईक नोट आत सरकवतो, "क्वार्टर" म्हणतो, बाटली खिशात किंवा पिशवीत जाते. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. ओळखीचा कुणी दिसलाच तर दोघेही मान फिरवतात. कागदावर पिणाऱ्याला परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. तो विचारला जातो किती, हे जाळीबाहेर उभ्या राहणाऱ्यालाच माहीत. पाटीवर "वाइन शॉप" असते, पण आत वाइन शोधावी लागते. व्हिस्की, रम आणि बिअर यांच्या भाऊगर्दीत वरच्या फळीवर धूळ खात दोन-चार बाटल्या उभ्या असतात. वाइन थंड, अंधाऱ्या जागी, बारा-पंधरा अंशांत ठेवायची असते म्हणतात. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो. टिनाच्या छपराखाली त्या बाटलीचे काय होत असेल, ते तीच जाणे.

यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही. त्याला मिळणारा परवाना सीलबंद बाटली विकण्याचा. दुकानात झाकण उघडून कुणाला घोटभर चाखायला देणे त्या परवान्यात बसत नाही. दारूची जाहिरात करायलाही कायद्याने बंदी, तेव्हा पत्रक काढायचा प्रश्नच मिटला. ज्या कायद्याखाली हा सगळा धंदा चालतो, तो १९४९ चा मद्यनिषेधाचा कायदा आहे. म्हणजे ज्या कायद्याने दारू बंद करायची, त्याच कायद्याने ती विकायची. ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात ते याहून वेगळे काय?

चव-परीक्षण म्हणजे काय, ते मी एकदा नाशिकला पाहिले. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेली सुला ही वायनरी आहे. तिथे २००५ पासून चाखण्याची स्वतंत्र खोली आहे. आम्ही पाच-सहा जण, त्यात दोन जोडपी, एक आजोबा. ग्लासात जेमतेम दोन घोट. तो देठाला धरायचा, उजेडात तिरपा करून रंग पाहायचा, गोल फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा आणि मग एक घोट तोंडात घोळवायचा. गिळायचा नसेल तर थुंकायला भांडे ठेवलेले. पैसे मोजून घेतलेला घोट थुंकून टाकायचा, हे आमच्या सोबतच्या एका वऱ्हाडी गृहस्थांना काही केल्या पटले नाही. मला मात्र अकोल्याच्या बाजारातला जुना कापूस-पारखी आठवला. बोंडातला रुईचा पुंजका दोन चिमटींत ओढून तो धाग्याची लांबी सांगत असे. तूर दाताखाली चावून ओलावा सांगणारा अडत्या आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. त्याला तूर खायची नसते, पारखायची असते. वाइनची चव मला, खरे सांगायचे तर, उतरलेल्या द्राक्षरसासारखी आंबट लागली. पण त्या खोलीत कुणी कुणापासून तोंड लपवत नव्हते, ही गोष्ट लक्षात राहिली.

ही नाशिकची हवा वऱ्हाडात आणण्याचा एक प्रयत्न मध्यंतरी झाला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये कपाट ठेवून वाइन विकायला मुभा देण्याचा निर्णय घेतला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे एका बाजूने सांगितले गेले. महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही, असे दुसऱ्या बाजूने. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, लोकांच्या हरकती मागवण्यात आल्या, सरकार बदलले आणि तो निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले. मला बोलायचे आहे ते या नावाविषयी.

द्राक्षाच्या वाइनसाठी राज्याने २००१ मध्ये धोरण आणले, करात सवलती दिल्या. नाशिक-सांगलीकडे वायनरी उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे सोडून वाइनची लावली. २००८-०९ च्या मंदीत त्यातल्या लहान वायनरी कोलमडल्या आणि अनेकांना उभे वेल उपटावे लागले. जे टिकले त्यांचे बरे चालले, हेही खरे. पण वऱ्हाडात द्राक्षाचा मळा शोधायचा कुठे? आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर आणि वरूड-मोर्शीकडे संत्रा. अकोल्याच्या सुपरमार्केटात विकल्या जाणाऱ्या वाइनने अकोटच्या कापूसवाल्याला काय मिळणार होते, ते त्या वादात कुणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आमच्या नावाने याआधीही एकदा दारू गाळून झाली आहे. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना सरकारने प्रोत्साहन देऊ केले. पावसात काळी पडलेली ज्वारी कुणी घेत नाही, तिला भाव मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यावर बराच गदारोळ झाला, डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी विरोध केला. आज वऱ्हाडाच्या शिवारातून ज्वारी जवळजवळ हद्दपार होऊन तिथे सोयाबीन उभे आहे. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचा कर वाढवला आणि धान्यापासून बनणाऱ्या "महाराष्ट्र मेड लिकर"चा नवा वर्ग काढला. त्यातले धान्य कुणाच्या शेतातले असेल, हे बाटलीवर कुठे लिहिलेले नसते. कॅलिफोर्नियाच्या त्या पत्रकात मात्र मळेवाल्याचे नावच नव्हे, तर तो जेवायला येणार की नाही तेही छापले होते.

मोहाची गोष्ट तर आणखी मजेची. मेळघाटातला कोरकू पिढ्यान्‌पिढ्या मोहफूल वेचतो. एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडलेला तो सडा ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. ही फुले साठवली, वाहून नेली म्हणून वर्षानुवर्षे त्याच्यामागे पोलीस लागत. २०२१ मध्ये सरकारने फुलांवरचे निर्बंध उठवले, आणि २०२२ मध्ये मोह व काजूबोंडापासून बनणाऱ्या मद्याला "देशी"ऐवजी "विदेशी मद्य" हा दर्जा द्यायचे ठरवले. चिखलदऱ्याच्या उतारावरचे झाड एका निर्णयाने विदेशी झाले! उद्या एखाद्या कंपनीची देखणी बाटली येईल, मुंबईच्या हॉटेलात तिच्या चवीवर जेवणेही होतील. फूल वेचणाऱ्या बाईला त्या जेवणाचे आमंत्रण असेल का?

जेवणांचा विषय निघालाच आहे. पंगतीची हौस वऱ्हाडी माणसाला कुणी शिकवायला नको. हिवाळ्यात शेतावर गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, कुठे हुरडा. पण या जेवणांचे दोन प्रकार असतात, हे आपण घरात बोलत नाही. एकाला बायकामुले असतात. दुसऱ्याला फक्त पुरुष असतात आणि विहिरीच्या थाळ्यात बाटल्या गार होत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के दारू पितात असे आढळले, आणि बायकांपैकी अर्धा टक्काही नाही. पिणारा घरातला एक, निस्तरणाऱ्या सगळ्या. तेव्हा "वाइनसोबत सहकुटुंब भोजन" ही कल्पना इथे कुणी मांडली, तर घरच्या बाईच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ते भाच्याला मी समजावून सांगू शकलो नाही.

याच मातीत एका जेवणाने इतिहास केला आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी गेले, म्हणून हे पोर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. पुढे त्यांना मुलगी झाली. बारशाला भावकी जमली ती रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूच्या अपेक्षेने. डेबूजींनी पानात गोड वाढले. त्या काळी भावकीचा रोष ओढवून घेणे म्हणजे काय, याची आज कल्पना येत नाही. हेच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले. त्यांची समाधी अमरावतीत आहे आणि तिच्यासमोरून आपण रोज जातो. मला त्या प्रसंगात दारूबंदीपेक्षा एक वेगळी गोष्ट मोठी वाटते. पानात काय वाढायचे, हे ज्याच्या घरात दुःख झाले होते त्याने ठरवले.

आपल्या दुकानांबाबत हे कोण ठरवते? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. मुंबई-कोलकाता महामार्ग तर अकोला-अमरावतीला वळसा घालत, खेटत जातो. टेप घेऊन अंतरे मोजली गेली, दुकाने हलली. हलून जाणार कुठे? वस्तीत. राज्यभर ठिकठिकाणी बायकांनी त्या वर्षी मोर्चे काढले ते यामुळेच. पुढे शहरांच्या हद्दीपुरता न्यायालयाने खुलासा केला आणि निर्बंध सैल झाला. या सगळ्या काळात दुकान कुठे असावे हे रस्ता किती लांब आहे त्यावर ठरत होते, शेजारी कोण राहते यावर नव्हे.

शेजाऱ्याला विचारायची पद्धत आहे, नाही असे नाही. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झाले की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत पत्र लागेल. उत्तम झाले. फ्लॅटवाल्याला दुकान येण्याआधी विचारणार. पण गावाला आणि साध्या वॉर्डाला विचारतात ते दुकान उघडून, संसार मोडून झाल्यावर. २००८ च्या आदेशाप्रमाणे आधी पंचवीस टक्के महिलांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते पडावी लागतात. झालेल्या मतांच्या निम्मी नव्हे, यादीच्या निम्मी. म्हणजे जी आली नाही तिचे मत उभ्या बाटलीला. यादीत नाव राहिलेल्या मेलेल्या बाईचेही. आमदार-खासदार निवडताना आपण ही अट घातली, तर किती जण सभागृहात पोचतील?

खारपाणपट्ट्यातल्या एका गावात मी असे मतदान पाहिले आहे. दुकान देशी दारूचे, शाळेच्या वाटेवर. सह्या गोळा करायला बायकांना तीन महिने लागले होते. मतदानाचा दिवस आला तो कापूस वेचणीचा. वेचणीचा रोज बुडवून येणे सोपे नसते, तरी रांग लागली. लेकी सासरी गेलेल्या, पण नावे इथेच. काही कुटुंबे कामाला पुण्याकडे गेलेली, नावे इथेच. संध्याकाळी चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा उभ्या बाटलीच्या मोजायला फार वेळ लागला नाही. आडव्या बाटलीचा ढीग उंच झाला, आणि तरी यादीच्या निम्म्याला कमी पडला. दुकान राहिले.

खोलीचे दार लागल्यावर दोघीजणी धावत आल्या. लांबच्या शेतावरून पायी आल्या होत्या. पदराला रुईचे तुकडे चिकटलेले. वेळ संपल्याचे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांतली एक बाहेरच्या पोलिसाला म्हणाली, "भाऊ, दुकान तं रातच्या दहापर्यंत उघडं रायते. मंग चिठ्ठीच पाचले काऊन बंद करता?"

पोलीस तिथल्याच कुण्या गावचा असावा. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि काही बोलला नाही.