बिलाखालची ती ओळ
अमरावतीच्या राजकमल चौकात काय, अकोल्याच्या टिळक रोडवर काय, मोबाइलच्या बिलाखाली बहुधा छापलेलं असतं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आठ दिवसांत फोन बंद पडला की दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो. हप्ते मात्र सुरूच. सोयाबीन विकून पोरीला फोन घेऊन देणारा बाप ही ओळ म्हणजेच कायदा समजून मुकाट घरी जातो, याचा मला संताप येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उलट सांगतो : सदोष वस्तू बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरी ऐकलं नाही, तर दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पक्कं बिल तेवढं हवं.