जिंकल्यावर पुढे कुठे?

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीत बसले की थोड्याच वेळात आमचे बेट येते. बेटावर किल्ला आहे, होड्या आहेत, वाळत घातलेली मासळी आहे. मैदान तेवढे नाही. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर आम्ही फुटबॉल खेळतो आणि भरती आली की सामना आपोआप संपतो.

गेल्या मे महिन्यात आमच्या संघाने एक गावस्पर्धा जिंकली. चषक घेऊन घरी गेलो. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांनी चषक हातात घेतला आणि विचारले, "आता पुढे कुठे खेळणार?" कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर मला दूरच्या बेटांवर सापडले. क्रिकेटमुळे ज्यांना आपण 'वेस्ट इंडीज' या एकाच नावाने ओळखतो, ती बेटे फुटबॉलमध्ये वेगवेगळी खेळतात. तेथील क्लबांसाठी २०२३ पासून कॅरिबियन चषक स्पर्धा भरते. दहा क्लब, पाचपाचचे दोन गट. प्रत्येकाचे गटात चार सामने, दोन घरच्या मैदानावर व दोन परक्या. पहिले तीन क्लब उत्तर व मध्य अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत जातात. २०२४ साली जमैकाचा कॅव्हेलियर हा क्लब विजेता ठरला. त्यामुळेच मार्च २०२५ मध्ये मेस्सीचा इंटर मायामी संघ किंग्स्टनला खेळायला आला. कॅव्हेलियर दोन्ही सामने ०-२ असे हरला. हरला खरा, पण त्याला पुढची पायरी होती!

जमैकाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. आपल्या वसई-विरार महापालिका क्षेत्राची २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती. तेव्हा आपण लहान आहोत, ही सबब पुरेशी नाही. आपल्याकडे पायऱ्या नाहीत, हे खरे दुखणे आहे. मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धाही २०००-०१ नंतर खंडित झाली. गावची स्पर्धा एका रविवारी सुरू होते आणि त्याच संध्याकाळी संपते. चांगल्या मुलाने मग विरार लोकलला लटकून मुंबई गाठावी, नाहीतर बूट काढून ठेवावेत.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? पण त्या क्लबांना समुद्र ओलांडून जावे लागते. आपल्याला बस आणि रिक्षा पुरते. आमच्या बेटासाठी फार तर एक होडी! तालुक्यातील दहा गावांचे संघ, तेच दोन गट आणि सुटीचे रविवार एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आपल्या जिमखान्याने मैदान द्यावे, पंचांचे काम आम्ही विद्यार्थी शिकून घेऊ. विजेत्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत पाठवण्याची सोय मात्र आधीच ठरलेली असावी.

चषक आमच्या घरी फळीवर आहे. वडिलांनी पुन्हा विचारले नाही. त्यांनी विचारण्याआधी मला उत्तर द्यायचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला