खाल्ला की खाल्ली?
धानोऱ्याच्या शाळेत गोंडी बोलणाऱ्या पोराने ‘मुलाने भाकरी खाल्ला’ असं लिहिलं, तर त्याला निष्काळजी ठरवणं अन्यायाचं आहे. गोंडी द्राविडी कुळातली. तिचं क्रियापद भूतकाळातही कर्त्याच्याच मागे जातं. मराठीत कर्त्याला ‘ने’ लागला की ते बहुधा कर्माकडे वळतं: मुलाने भाकरी खाल्ली, मुलीने आंबा खाल्ला. आणि आपला नियमही सरसकट कुठे आहे? ‘मुलगा कविता विसरला’, ‘मुलगी धडा शिकली’ यांत कर्म असूनही प्रयोग कर्तरीच राहतो. परीक्षा मराठीची, मग गोंडी कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर मराठीच्याच नियमाने हवं, यात वाद नाही. पण दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर शेजारी मांडली, तर कर्मणी प्रयोग घोकावा लागणार नाही.