हमी कोठवर पुरते?

आपल्या वाचकांपैकी बरेच जण मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या कार्यालयांत बसून अमेरिकेतील निवृत्तांच्या पेन्शनचे हिशेब करतात. सेवेची वर्षे, शेवटचा सरासरी पगार, जोडीदाराचे वय, निवडलेला पर्याय एवढ्या चार-सहा नोंदींवर कधी न भेटलेल्या एका वृद्धाचा महिन्याचा खर्च ठरतो. कंपनी चालू असेपर्यंत हिशेबातली चूक निस्तरता येते, फरक चुकता करता येतो. कंपनी बुडाली की तेच कागद सरकारी विमा महामंडळाच्या हाती जातात आणि मग प्रत्येक नोंदीला वेगळेच वजन येते. ‘पीबीजीसी आहे ना, मग निवृत्तांना काय धोका?’ असे आपल्या क्षेत्रात सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल हे संपादकीय.

पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन (पीबीजीसी) ही संस्था एका मोठ्या फसगतीतून जन्मली. स्टुडबेकर या मोटार कंपनीने डिसेंबर 1963 मध्ये इंडियानातील साउथ बेंडचा कारखाना बंद केला. पेन्शन निधीत सगळ्यांना पुरेल इतका पैसा नव्हता. आधीच निवृत्त झालेल्या आणि साठी गाठलेल्या सुमारे 3,600 जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या सुमारे 4,000 कामगारांच्या वाट्याला हक्काच्या 15 टक्के रक्कम आली. त्यांच्याहून तरुण असलेल्यांना काहीही मिळाले नाही. कामगार संघटनांनी आणि सिनेटर जेकब जॅविट्स यांनी पुढची दहा वर्षे हा प्रश्न लावून धरला. 2 सप्टेंबर 1974 रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एरिसा या पेन्शनविषयक कायद्यावर सही केली आणि त्याच कायद्याने पीबीजीसी स्थापन झाली. करदात्यांच्या पैशावर ती चालत नाही. योजनांनी भरलेला प्रीमियम, ताब्यात आलेल्या योजनांची मालमत्ता, बुडालेल्या कंपन्यांकडून झालेली वसुली आणि गुंतवणुकीचे उत्पन्न हा तिचा आधार. सुरुवातीला माणशी 1 डॉलर असलेला एका मालकाच्या योजनेचा प्रीमियम 2025 मध्ये 106 डॉलर झाला. योजनेत तूट असेल, तर त्यावर वेगळा आकार द्यावा लागतो.

आता हमीकडे वळू. 2025 मध्ये संपलेल्या योजनेतून 65 व्या वर्षी पेन्शन घेणाऱ्याला, जोडीदाराचा लाभ न घेता, महिन्याला जास्तीत जास्त 7,431.82 डॉलर मिळू शकतात. बहुतेक कामगारांची पेन्शन या मर्यादेच्या खूप आत असल्याने त्यांना झळ बसत नाही. मात्र ही मर्यादा वयाशी बांधलेली आहे. 60 व्या वर्षी पेन्शन सुरू केल्यास ती 65 टक्क्यांवर येते आणि 55 व्या वर्षी 45 टक्क्यांवर. 2005 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या चार योजना बंद पडल्या तेव्हा तूट सुमारे 980 कोटी डॉलर होती आणि त्यातली सुमारे 660 कोटींचीच जबाबदारी महामंडळाच्या हमीत बसत होती. बाकीचे निवृत्तांचे आणि कर्मचाऱ्यांचे नुकसान. वैमानिकांना तर त्या काळी कायद्यानेच 60 व्या वर्षी विमान सोडावे लागे. म्हणजे एका नियमाने त्यांना साठीला घरी बसवले आणि साठीला घरी बसले म्हणून दुसऱ्या नियमाने त्यांची मर्यादा कापली. हा अन्याय आकडेमोडीत नव्हता, कायद्याच्या रचनेतच होता.

वयाइतकीच तारीखही महत्त्वाची. योजना संपण्याआधीच्या पाच वर्षांत पेन्शनमध्ये वाढ झाली असेल, तर ती वाढ एकदम धरली जात नाही. दर पूर्ण वर्षाला 20 टक्के किंवा महिन्याला 20 डॉलर, यातली जी रक्कम मोठी असेल त्या हिशेबाने हमी चढत जाते. उलट, योजना संपण्यापूर्वी किमान तीन वर्षे निवृत्त असलेले, किंवा निवृत्त होण्यास पात्र असलेले, मालमत्ता वाटपात तिसऱ्या गटात येतात आणि निधीत पैसा असेल तर त्यांना हमीच्या मर्यादेपेक्षाही जास्त मिळू शकते. कंपनी दिवाळखोरीत असेल तर 16 सप्टेंबर 2006 किंवा त्यानंतरच्या अर्जांसाठी ही सगळी मोजणी योजना संपल्याच्या दिवसापासून होत नाही, दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाल्याच्या दिवसापासून होते. या दोन तारखांत वर्ष-दोन वर्षांचे अंतर सहज पडते. पात्रतेची तारीख नोंदवताना महिन्याची चूक झाली, तर एखादा माणूस तिसऱ्या गटातून थेट बाहेर जाऊ शकतो.

पेन्शनबाहेरच्या लाभांना तर हमीच नाही. बेथलेहेम स्टीलची सुमारे 95,000 लोकांची योजना डिसेंबर 2002 मध्ये महामंडळाने हाती घेतली. पुढच्या वर्षी कंपनीने निवृत्तांचा आरोग्यविमा बंद केला आणि त्याची जबाबदारी घेणारे कोणीच नव्हते. अमेरिकेत औषधोपचार किती महाग आहे हे आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्या कामाशी सर्वांत जवळचा भाग यानंतर सुरू होतो. महामंडळ योजना ताब्यात घेते तेव्हा पेन्शन थांबत नाही, पण सुरुवातीला दिली जाते ती अंदाजी रक्कम. जुन्या फाइली, बदललेले करार, विलीन झालेल्या उपकंपन्यांच्या नोंदी तपासून अंतिम रकमेचे पत्र निघायला बऱ्याचदा काही वर्षे जातात. अंदाज जास्त निघाला, तर दिलेला फरक पुढच्या हप्त्यांतून वळता होतो. व्याज लागत नाही आणि कपात साधारणपणे 10 टक्क्यांच्या आत ठेवली जाते, हे खरे. पण सत्तरीच्या माणसाने जी रक्कम आपली समजून घरभाडे आणि औषधे यांची सांगड घातली, तीच पुढे कमी होते. पत्र मान्य नसेल तर 45 दिवसांत अपील करता येते. अपील टिकते ते कागदावर, आणि तो कागद कधीतरी आपल्यासारख्याच कोणी तयार केलेला असतो.

अनेक मालकांच्या सामाईक योजनांची हमी तर फारच तोकडी आहे. 30 वर्षे नोकरी केलेल्या ट्रकचालकाला तिथे वर्षाला जास्तीत जास्त 12,870 डॉलर मिळतात. एका मालकाच्या योजनेत हाच आकडा, 2025 च्या हिशेबाने, 89,000 च्या पुढे जातो. एकाच महामंडळाच्या दोन खिडक्यांत एवढे अंतर असणे मला कधीच पटलेले नाही. हा कार्यक्रम दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोचल्यावर 2021 च्या कायद्याने करदात्यांचा पैसा विशेष साहाय्य म्हणून उभा राहिला. एकट्या सेंट्रल स्टेट्स या ट्रकचालकांच्या निधीला सुमारे 3,580 कोटी डॉलर मिळाले. नंतर उघड झाले की हिशेबात 3,479 मृत सदस्य जिवंत धरले गेले होते. निधीने 2024 मध्ये 12.7 कोटी डॉलर परत केले. मृत्यूच्या सरकारी नोंदींशी यादी पडताळून पाहणे हे आपल्या क्षेत्रातले प्राथमिक काम आहे. ते न झाल्याची किंमत एवढी मोठी निघाली.

नोंदी चोख असूनही न्याय मिळेलच असे नाही, हेही सांगायला हवे. डेल्फी या मोटारभाग कंपनीच्या योजना 2009 मध्ये महामंडळाकडे गेल्या. संघटित कामगारांची तूट जनरल मोटर्सने जुन्या कराराप्रमाणे भरून दिली. पगारदार कर्मचाऱ्यांमागे तसा करार नव्हता, म्हणून त्यांच्यातल्या अनेकांची पेन्शन कायमची घटली. ते न्यायालयांत दशकभर लढले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

आपल्याकडे कर्मचारी पेन्शन योजना 1995 चा निधी सामाईक आहे, त्यामुळे कारखाना बंद पडला म्हणून आधी सुरू झालेली पेन्शन थांबत नाही. दिवाळखोरी संहितेनेही भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी अवसायनाच्या मालमत्तेबाहेर ठेवले आहेत. तरीही जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या आणि ग्रॅच्युइटीच्या थकबाकीसाठी अपील न्यायाधिकरणापर्यंत जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालानंतर वाढीव पेन्शनच्या अर्जांना मालकाकडून जुन्या वेतनाची पुष्टी लागली. जिथे मालकच उरला नव्हता, तिथे अर्जदाराने ती कुठून आणायची? सूट मिळालेल्या भविष्य निर्वाह निधी विश्वस्त मंडळांवर काम करणाऱ्या आपल्या वाचकांना हा प्रश्न उद्याही पडणार आहे.

महामंडळाच्या एका मालकाच्या कार्यक्रमात सध्या मोठी शिल्लक आहे. आर्थिक वर्ष 2024 अखेर ती 5,400 कोटी डॉलरच्या वर होती. प्रीमियम कमी करा, अशी मालकांची मागणी जोर धरते आहे. आमचे मत वेगळे आहे. शिल्लक असतानाच सामाईक योजनांची हमी आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांची मर्यादा वाढवण्याचा विचार कायदेमंडळाने करायला हवा. ते आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढेच की या वर्षीच्या मूल्यांकनासाठी सदस्यांची यादी घेताना पात्रतेच्या तारखा, गेल्या पाच वर्षांतल्या सुधारणांच्या तारखा आणि मृत्यूची पडताळणी स्वतंत्रपणे तपासा, आणि शंका राहिलेली प्रत्येक नोंद ग्राहक कंपनीकडून लेखी मागवा, कंपनी सुस्थितीत असतानाच.